पेटीवाला हरिश्चंद्र

तुम्ही कागलच्या गैबी चौकात उभे आहात, आणि दिसायच्या आधी तुम्ही लोकांना ऐकू आला आहात. पायात कापशीचं पायताण आहे, सकाळी तिथं जाऊन घेतलेलं. तळाच्या कातड्यात विंचू घातलाय, त्यामुळं पाऊल पडलं की कर्रर वाजतं. "गावभर कळंल बगा पाव्हणं आल्यालं," असं देणारा म्हणाला होता. चहाच्या टपरीवरचे तिघंजण खरंच माना वळवून बघताहेत.

त्यांना विचारा, कागलचा नट कोण. ते फार विचार करणार नाहीत. "गुणा की! गुणा कागलकर." आनंद यादव इथलेच, 1935 साली कागलात जन्मलेले. 'नटरंग' कादंबरीत त्यांनी पहिलवानी अंगाचा एक मजूरगडी उभा केला, तमाशाच्या वेडापायी नाच्या झालेला, आणि त्याला आडनाव दिलं ते आपल्या गावाचं. 2010 साली अतुल कुलकर्णींनी तो पडद्यावर आणला, आणि तेव्हापासून गुणा कागलच्या बोलण्यात खऱ्या माणसासारखा येतो. पण तो कागदातून आलेला आहे. त्याचं घर शोधत गल्लीबोळ फिरलात तर दार सापडायचं नाही.

हाडामांसाचा नट हवा असेल तर इथून जवळच जायचंय, सांगवड्याला. तो रंगभूमीवरचाही आहे आणि पडद्यावरचाही. गाणाऱ्या मंडळींना त्याचं नाव चालींसाठी आणि पेटीसाठी पाठ असतं. नट म्हणून मात्र त्याची आठवण क्वचितच निघते. मला ते अनेक वर्षं खटकत आलंय, म्हणून तुम्हाला घेऊन निघालोय.

हमरस्त्याकडं पाठ करा. ट्रकांचा आवाज आधी विरेल, मग पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांचा. शंभरेक पावलांवर तुमच्या लक्षात येईल की आसमंतात सगळ्यात मोठा आवाज तुमच्याच पायताणाचा आहे.

5 जून 1881.

मृग दोन दिवसांवर आलाय. शिवारात धूळवाफेच्या पेरणीची घाई आहे, ढेकळं फोडल्याचा वास नाकात शिरतोय. कागलच्या घाटग्यांच्या घरातला यशवंत नावाचा मुलगा तीन आठवड्यांनी सात वर्षांचा होईल. 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेल्यावर त्याचं नाव शाहू होणार आहे, आज त्या नावानं हाक मारलीत तर तो मागं वळूनही बघणार नाही. आणि इकडं सांगवड्यात टेंब्यांच्या घरी मुलगा झालाय. गोविंद सदाशिव टेंबे. संगीत नाटकाचं वय आज मोजलं तर सात महिने आणि पाच दिवस भरतं, कारण अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' लावलं ते 31 ऑक्टोबर 1880 ला. दोघं बरोबरीनंच वाढणार आहेत.

बाळंतिणीच्या घरापाशी थांबू नका. पायताण फार वाजतंय.

चौदा वर्षं पुढं या. कोल्हापूर. 1891 मध्ये मिरजेहून आगगाडी आली आणि तिच्या डब्यांतून नाटक कंपन्यांचे पेटारे, गुंडाळलेले पडदे, गवई आणि त्यांचे तंबोरे शहरात उतरायला लागले. 1895 मध्ये शाहू महाराजांनी अल्लादियाखाँना दरबारी ठेवून घेतलं. ज्या गावात असं गाणं भिंतीपलीकडून ऐकू येतं, तिथं चौदा वर्षांच्या पोराला शाळेपेक्षा भिंत जास्त शिकवते. गोविंदानं कुणाचा गंडा बांधला नाही. पेटी त्यानं आपली आपण बडवून, चुकत, पुन्हा बसून साध्य केली. भास्करबुवा बखल्यांच्या मागं तो साथीला बसायला लागला, आणि अल्लादियाखाँचं गाणं तर त्यानं जन्मभर कानात साठवलं.

इथं जरा वेळ बसा, खाली जाजमावर, साथीदारांच्या बाजूला. गोविंदरावांचा उजवा हात बघा, तो पट्ट्यांवर आहे. डावा भात्यावर, श्वासासारखा. साथ करायची म्हणजे गवयाच्या तोंडातला पुढचा सूर आधी ओळखायचा, आणि ओळखूनही त्याच्या मागंच राहायचं. एक सूर जरी आधी वाजला तरी गवई कटाक्ष टाकतो. ह्या माणसानं तारुण्यातली वर्षं असं मागं राहण्यात घालवली आहेत. शिवाय वाद्य कसलं, तर पेटी. तिच्यात मींड नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर उतारावरून घसरावा तसा जातो, पेटीला पायऱ्या उतराव्या लागतात. त्या पायऱ्यांवरून उतार भासवायचा, हा गोविंदरावांचा ध्यास. पुढं साथ सोडून ते एकट्याची पेटी ऐकवायला लागले, आणि लोक ती गाणं ऐकावं तशी मान डोलावत ऐकायचे.

आता उठा. मुंबई, 12 मार्च 1911.

किर्लोस्कर मंडळींच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. तुम्ही पिटात कसेबसे अंग चोरून बसला आहात. गॅसच्या उजेडात पगड्या, उपरणी, अत्तराचा आणि घामाचा मिसळलेला वास. पडद्यामागं एक बातमी सगळ्यांना माहीत आहे आणि पडद्यापुढं थोड्यांना: बालगंधर्वांची तान्ही मुलगी आजच गेली. प्रयोग पुढं ढकललेला नाही. बावीस वर्षांचे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, नायिका भामिनीच्या वेशात आत उभे आहेत.

नाटक खाडिलकरांचं, पण आज रात्री लोक घरी घेऊन जाणार आहेत त्या चाली तिशीही न गाठलेल्या एका कोल्हापूरकराच्या आहेत. ह्या चालींनी काय केलं ते नीट समजून घ्या. तोवर नाटकातल्या पदांवर कीर्तनाची, साकी-दिंडीची, कर्नाटकी चालींची छाया होती. गोविंदरावांनी पूरबेकडची ठुमरी, कजरी, दादरा उचलला, त्यातला नखरा तसाच ठेवला आणि मराठी शब्दांना तो पेलेल अशा बेतानं बांधला. त्या काळी चाल आधी आणि पद मागून असा रिवाज होता. चाल पुढ्यात आली की नाटककारानं तिच्या मापानं शब्द शिवायचे. म्हणजे भामिनीचं रुसणं, नायक धैर्यधराचा ताठा, ह्यांचा पहिला अंगविक्षेप कागदावर उतरण्याआधी पेटीवर उतरला होता. मला वाटतं गोविंदरावांमधला नट इथंच सुरू झाला. रंग न लावता, ओळ न बोलता त्यांनी त्या रात्रीच्या सगळ्या भूमिका एकदा करून बघितलेल्या होत्या.

पहिला वन्समोअर आला. तुम्हीही ओरडलात, नकळत. बालगंधर्वांनी पद पुन्हा घेतलं. आत काय चाललं असेल ह्याचा विचार तुम्हाला घरी गेल्यावर सुचणार आहे.

पुढची वर्षं भरभर जातील. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव अशा तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदारी फार टिकली नाही. गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. मालक झाले, नाटकं लिहिली, चाली दिल्या, आणि स्वतः तोंडाला रंग लावून पुढं आले. नाटक कंपनी चालवणं म्हणजे दीडशे-दोनशे माणसांचं बिऱ्हाड रेल्वेनं फिरवणं, आचाऱ्यापासून पडदेवाल्यापर्यंत सगळ्यांचे रुसवे काढणं. संगीत नाटकाच्या भरभराटीत किती मालक कर्जात बुडाले ह्याची मोजदाद कुणी केलेली नाही. तो काळ ओलांडून या.

8 जुलै 1921. पुन्हा मुंबई, बालीवाला थिएटर. बाहेर पाऊस. आत मुंगीलाही वाट नाही, वरच्या दराचं तिकीट शंभर रुपये, आणि पैसे टिळक स्वराज्य फंडाला जाणार आहेत. एकमेकांशी चढाओढ असलेल्या दोन मंडळ्या आज एका रंगमंचावर उतरताहेत. नाटक तेच, 'मानापमान'. भामिनी बालगंधर्वांची. धैर्यधर केशवराव भोसल्यांचा.

केशवरावांकडं डोळे भरून बघा. हा तुमच्या कोल्हापूरचा माणूस, 9 ऑगस्ट 1890 चा जन्म, मराठ्याच्या गरीब घरातला. शाळेत बसायच्या वयात नाटक कंपनीत आला, पोरवयात देवलांची शारदा गाऊन गाजला, आणि 1 जानेवारी 1908 ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम गळ्यावर आहे. तान निघते ती पिटाच्या शेवटच्या बाकावर जाऊन आदळते आणि तिथून परत येते. बालगंधर्वांचा सूर त्याच्या उलट, मधासारखा, थेंब पडायला वेळ घेणारा. लोक रात्रभर तुलना करताहेत, भांडताहेत, रडताहेत.

एक गोष्ट मात्र कुणाच्या तोंडी नाही. दोन्ही गळे ज्या वाटेनं चाललेत ती वाट तिसऱ्याच माणसानं दहा वर्षांपूर्वी आखली आहे. पुन्हा मागं राहिलेला माणूस.

4 ऑक्टोबर 1921. तीन महिने पुरे व्हायच्या आत केशवराव गेले. वय एकतीस. ग्रामोफोनच्या तबकड्या तेव्हा होत्या, पण तीन-साडेतीन मिनिटांत मावणारं गाणंच त्यात मावायचं. धैर्यधर रंगमंचावर येताना पाऊल कसं टाकायचा, बोलता बोलता गाण्यात कसा शिरायचा, भामिनीकडं बघून श्वास कुठं थांबवायचा, हे पकडून ठेवणारं यंत्र केशवरावांच्या आयुष्यात आलं नाही. पडदा पडला की नट हवेत विरायचा.

कोल्हापुरात यंत्र होतं, पण मुकं. बाबूराव पेंटरांनी, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता, घरचा कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो त्याचीच आठवण म्हणून. त्या चित्रांतले ओठ हलायचे, आणि आवाज प्रेक्षकानं मनात लावून घ्यायचा.

इथं तुम्हाला जरा समुद्रापलीकडं नेतो, कारण तिकडं जॉर्ज आर्लिस नावाचा एक नट आहे आणि त्याच्या आयुष्याची सालं आपल्या सालांना विलक्षण जुळतात. लंडनमध्ये 1868 साली जन्मलेला, लांबट चेहऱ्याचा, एका डोळ्याला काचेचं भिंग लावणारा रंगभूमीवरचा नट. 1911 मध्ये, म्हणजे 'मानापमान'च्याच वर्षी, त्यानं न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली उभा केला. 1921 मध्ये, म्हणजे संयुक्त 'मानापमान'च्या वर्षी, तोच डिझरायली त्यानं मूकपटात केला, आवाजाविना. आणि 1929 मध्ये चित्रपट बोलायला लागला तेव्हा साठी ओलांडलेल्या आर्लिसनं तिसऱ्यांदा तीच भूमिका केली आणि त्याबद्दल ऑस्कर मिळवलं. ते मिळवणारा तो पहिला ब्रिटिश नट. बोलपट आल्यावर पडद्यावरचे कितीतरी देखणे चेहरे आवाजापायी मागं पडले, आणि रंगभूमीवर जीभ घासलेल्या म्हाताऱ्यांना अचानक मागणी आली. आर्लिसनं 'द ग्रीन गॉडेस' ह्या नाटकात आणि त्याच्या चित्रपटांत हिमालयातल्या एका काल्पनिक संस्थानाचा राजाही केला, पूर्वेकडच्या राजाबद्दल साहेबाच्या मनात जे भय आणि जे कुतूहल असतं ते सगळं ओतून. तो राजा 1930 मध्ये पडद्यावर इंग्रजी बोलत होता. आपला राजा आपल्या भाषेत बोलायला अजून दीड-दोन वर्षं होती.

1931 चा शेवट. कोल्हापूर, प्रभात फिल्म कंपनीचं आवार.

तुम्ही आवाराच्या आत पाऊल टाकता आणि चारपाच माणसं एकदम तुमच्याकडं वळून ओठांवर बोट ठेवतात. कर्रर. आणखी एक पाऊल, पुन्हा कर्रर. एक पोरगा धावत येतो, तुमच्या पायांकडं बोट दाखवतो आणि हळू आवाजात म्हणतो, "पायताण भाईर. आत माईक हाय."

काढून दाराबाहेर ठेवा. पन्नास वर्षं तुम्ही हा आवाज करत आलात. आता पहिल्यांदा असं यंत्र समोर आलंय ज्याला तो ऐकू जातो.

अनवाणी आत जा. जुन्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी 1 जून 1929 ला काढलेली ही कंपनी, आणि सगळे जण तरुण आहेत. तिशीचे शांतारामबापू दिग्दर्शनाला. फत्तेलालांनी अयोध्येचे खांब उभे केलेत, कॅमेऱ्यापाशी धायबर आहेत, आणि आवाज पकडायचं नवं काम विष्णुपंत दामल्यांनी अंगावर घेतलंय. तारामतीच्या वेशात सव्वीस वर्षांच्या दुर्गा खोटे, मुंबईच्या चांगल्या घरातली बाई कोल्हापुरात येऊन सिनेमात काम करतेय म्हणून गावात चर्चा आहे. गंगानाथ करणारे बाबूराव पेंढारकर, नारद करणारे मास्टर विनायक. ह्या सगळ्यांच्या मध्ये, मुकुट घालून, पन्नाशीचे गोविंदराव टेंबे. राजा हरिश्चंद्र.

ह्याच राजापासून 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी मूकपट सुरू केला होता. आता मराठीतला पहिला बोलपट म्हणून ज्याची नोंद होणार आहे, त्या 'अयोध्येचा राजा'तही राजा हाच. खोटं न बोलणारा माणूस, आणि आता त्याला खरोखरच बोलायचं आहे.

गाण्याचा प्रसंग लागतोय. अजून पार्श्वगायन नावाची सोय नाही, ती हिंदुस्थानात यायला 1935 उजाडावं लागेल. जो दिसतो त्यानंच गायचं, चित्र आणि आवाज एकाच वेळी घ्यायचे. त्यामुळं वादक नटाच्या जितके जवळ बसवता येतील तितके बसवायचे, फक्त कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. तबला इतका लांब की तो गाण्यावर चढू नये, आणि इतका जवळ की नटाला ठेका ऐकू यावा. दोन बोटं इकडं, दोन तिकडं. मायक्रोफोन वर कुठंतरी लपवलेला. त्याच्याखालून मान फिरवली की आवाज पातळ होतो, जवळ गेलं की फाटतो. रंगभूमीवर तीस वर्षं ज्यांनी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय लावली त्यांना आता शेवटची रांग हातभर अंतरावर आणून दिली आहे. आणि सगळं दोनदा करायचंय, एकदा मराठीत, एकदा हिंदीत.

तुम्ही कोपऱ्यात श्वास धरून उभे आहात. गोविंदरावांच्या चेहऱ्याकडं बघू नका, हातांकडं बघा. उजवा हात चाळीस वर्षं पट्ट्यांवर होता, डावा भात्यावर. आज दोन्ही रिकामे आहेत. चौकटीबाहेर वादक बसलेत, चाल गोविंदरावांचीच आहे, पण तिकडं नजर टाकायची नाही. राजाला वादक दिसत नसतात. सूर लागतो. पहिल्या ओळीला ते हात अवघडून मांड्यांशी चिकटलेले आहेत. दुसऱ्या ओळीला उजव्या हाताची बोटं किंचित हलतात, अंगरख्याच्या कडेशी, अगदी थोडी. कॅमेऱ्याला ती दिसली की नाही कोण जाणे, तुम्हाला दिसली.

आवाज मात्र बघा कसा येतोय. केशवरावांची तान इथं आली असती तर यंत्र कुरकुरलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. गोविंदराव फेकत नाहीत. ते जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यामागं वाजवत आलेत, किती वाजवलं म्हणजे जास्त होतं हे त्यांच्या हाडात मुरलंय. साथीदाराचा संयम ह्या यंत्रापुढं एकदम नटाचा गुण ठरला. बोलताना ते रंगभूमीवरचेच राहतात, शब्द ठासून, उभं राहणं पवित्र्यासारखं, आणि आजच्या डोळ्यांना ते जड वाटेल हे मी लपवत नाही. पण गायला लागले की चेहऱ्यावरचा सगळा ताण सुटतो, आणि मुकुटाखाली कोल्हापूरच्या बैठकीतला माणूस दिसायला लागतो.

शॉट संपतो. दामले कानावरचं यंत्र काढून मान हलवतात. बाहेर कुठंतरी कावळा ओरडतो, आता ओरडला तरी चालेल.

6 फेब्रुवारी 1932, मुंबईचं मॅजेस्टिक. अकरा महिन्यांपूर्वी ह्याच पडद्यावर 'आलम आरा' बोलला होता. तुमच्या शेजारी बसलेल्या बाईच्या ओटीत मूल झोपलंय. पडद्यावर राजा दानात सगळं देऊन निघालाय, तारामती विकली गेलीय, आणि तो मसणवट्यात डोंबाच्या हाताखाली राबतोय. प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका देतं. मूकपटातही लोक रडायचे, पण आज रडताना ते गप्प बसताहेत. पडद्यावरचा माणूस बोलतोय, आणि तो मराठीत बोलतोय; त्याच्या ओळी बुडू नयेत म्हणून ही शांतता.

त्याच वर्षी गोविंदराव 'माया मच्छिंद्र'मध्ये मच्छिंद्रनाथ झाले. समोर राणी दुर्गाबाई, गोरख विनायकराव. प्रभातच्या सुरुवातीच्या बोलपटांना संगीत त्यांचंच. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि मराठी चित्रपटाचा केंद्रबिंदू पंचगंगेकाठून मुळा-मुठेकाठी सरकला. गोविंदरावांची पडद्यावरची कारकीर्द तशी थोडक्यातच आटोपली. नायकाची वयं खाली येत होती, गळ्यापेक्षा चेहरा पुढं येत होता, आणि ते आधी संगीताचे होते. 'माझा संगीत व्यासंग' 1939 मध्ये आलं, 'माझा जीवनविहार' 1948 मध्ये. गाण्याबद्दल मराठीत इतकं जाणून आणि इतकं गोड लिहिणारा माणूस शोधूनच काढावा लागेल.

1940 मध्ये मात्र थांबा. 1 मार्च. ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली आहे. पेटीचे सूर ठरीव, तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, ती परदेशी. आक्षेप खोटे नव्हते, आणि गोविंदरावांइतकी ती उणीव कुणाला ठाऊक होती? तिच्याशी झुंजतच त्यांनी पेटीला गायला लावलं होतं. आता देशभर घराघरांत आवाज पोचवणाऱ्या यंत्राच्या दारातून त्यांच्या वाद्याला आत यायला मनाई झाली. 9 ऑक्टोबर 1955 ला गोविंदराव गेले तेव्हाही ती मनाई होतीच. पूर्ण उठायला आणखी वर्षं गेली. ह्या एका गोष्टीचा राग मला आजही येतो.

परत या आता.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र वाटेत लागेल, ती चुकवता येणार नाही. युरोपात पाहिलेली नाट्यगृहं डोळ्यांपुढं ठेवून शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं, 1915 मध्ये ते खुलं झालं, आणि पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते पेटलं. ज्वाळा छपरातून वर आल्या, रंगमंच गेला. कलावंत माणसं रस्त्यावर उभी राहून हमसून रडत होती, आणि त्यांच्यातले कितीक जण पहिल्यांदा रंग लावून उभे राहिले होते ते त्याच फळ्यांवर. वास्तू पुन्हा उभी करता येते. केशवरावांच्या गळ्याचा धक्का ज्या लाकडाला बसला होता, ते लाकूड त्या रात्री गेलं. मुकेपणीचे कोल्हापुरी चित्रपटही बहुतेक असेच गेलेत, बाबूराव पेंटरांचं बरंचसं कामच आज बघायला मिळत नाही.

'अयोध्येचा राजा' उरला आहे.

तुम्ही पुन्हा कागलात आहात. संध्याकाळ झाली, जयसिंगराव तलावावरून गार वारा येतोय, हमरस्त्यावर दिवे लागलेत. पाय अनवाणी आहेत, पायताण तुम्ही 1931 मध्ये एका दाराबाहेर ठेवलं होतं. मुक्कामाच्या घरी या. उंबऱ्यापाशी ते तुमची वाट बघतंय. तिथंच राहू द्या. आत जाऊन दार लोटा, पंखा बंद करा, पोरांना जरा गप्प बसायला सांगा, आणि तो बोलपट लावा. आवाजात खरखर आहे, चित्र जागोजागी उडालंय. राजा गायला लागला की त्याच्या उजव्या हाताकडं लक्ष ठेवा.